पेंटबॉलच्या गोळीचा व्यास, बॅरलचा बोअर आणि पोर्टिंग: आपल्याकडच्या हवेत काय निवडावे?

वाईचा_मळेकरी

नमस्कार मंडळी,

वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणी घाट लागण्याच्या अलीकडे आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. हुरड्याच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांसाठी आंब्याच्या बागेमागील उतारावर आम्ही पेंटबॉलचे मैदान केले. आता पुण्याच्या कंपन्यांचे गट पावसाळ्यातही येऊ लागले आहेत. आमचे मार्कर (रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका) ०.६८ कॅलिबरचे, दाबाखालच्या हवेवर चालणारे आणि भाड्याने देण्यासाठी असतात तशा साध्या बनावटीचे आहेत.

अडचण अशी की क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) एकाच मार्करच्या लागोपाठच्या गोळ्यांचा वेग कधी २५५ तर कधी २९० फूट प्रतिसेकंद दिसतो. उताराच्या वरच्या अंगाला उभे राहून खाली नेम धरला, तर काही वेळा चाप ओढण्याआधीच गोळी नळीतून घरंगळून पुढे येते. याउलट थंडीत काही खोक्यांतील गोळ्या नळीतच फुटतात आणि पुढच्या सगळ्या गोळ्या रंगाने माखून वेड्यावाकड्या जातात. विक्रेता म्हणतो की वेगवेगळ्या बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) इनसर्टचा, म्हणजे बॅरलच्या आत बसणाऱ्या नळ्यांचा, संच घ्या आणि पुढे छिद्रे असलेली, म्हणजे पोर्टेड बॅरल लावा. हा खर्च सर्व मार्करांसाठी करायचा झाला तर हंगामाची कमाई त्यातच जाईल. गोळीच्या मापाशी बोअर जुळवल्याने नेमका कोणता फायदा होतो आणि छिद्रे हवीत की नकोत, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

कुपवाड_लेथ

मळेकरी दादा, बॅरल घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी गोळी मोजा. ०.६८ हे नाममात्र माप आहे. ०.६८ इंच म्हणजे १७.२७ मिलिमीटर, पण बाजारात येणाऱ्या गोळ्या याहून थोड्या लहानही असतात आणि चांगल्या मोठ्याही असतात. इनसर्टचे संचही त्यामुळेच अशा पायऱ्यांमध्ये येतात. ‘फ्रीक’ नावाच्या प्रसिद्ध संचात ०.६७९ पासून ०.६९५ इंचापर्यंतचे बोअर मिळतात, म्हणजे साधारण १७.२५ ते १७.६५ मिलिमीटर. शेजारच्या दोन इनसर्टमधला फरक दोन-तीन थाऊंचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा), म्हणजे ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरचा असतो. आमच्या कामात हा फरक मोठा समजला जातो. तो डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

गोळी व्हर्नियरने मोजू नका. जिलेटिनचे कवच जबड्यांत दबते आणि मोजणाऱ्याच्या बोटाच्या जोरानुसार माप बदलते. त्याऐवजी पितळेची दहा मिलिमीटर जाडीची पट्टी घेऊन तिच्यात १७.२५ पासून १७.५५ पर्यंत ०.०५ च्या अंतराने भोके बोअर करून घ्यावीत आणि कडांना हलका चॅम्फर (तिरका उतार) द्यावा. गोळी ज्या सर्वांत लहान भोकातून स्वतःच्या वजनाने, न ढकलता खाली पडते, तेच तिचे माप धरावे. प्रत्येक गोळी शिवणीच्या रेषेत आणि शिवणीला आडवी अशी दोन्ही प्रकारे टाकून पाहा, कारण ती पूर्ण गोल क्वचितच असते. कुठलाही बरा टर्नर अशी पट्टी एका दुपारी करून देईल. बॅरलचा बोअर मात्र प्लग गेजनेच (भोकात घालून पाहायच्या नेमक्या मापाच्या दांडीने) तपासा, कारण त्यावर छापलेला आकडा आणि खरे माप यांत फरक निघू शकतो.

माहुली_संगम

एवढा खटाटोप कशाला? बॅरल मार्करवरून काढावी, तिच्या मागच्या तोंडात गोळी ठेवावी आणि फुंकर मारावी. गोळी आपोआप पलीकडे पडली तर बोअर मोठा, फुंकूनही हलली नाही तर लहान, आणि थांबून हलक्या फुंकरीने सुटली तर जुळला. जगभरचे खेळाडू वर्षानुवर्षे असेच करत आले आहेत.

कुपवाड_लेथ

पद्धत चुकीची नाही आणि मैदानावर तीच सोयीची आहे. फक्त ती एका गोळीचा एका बॅरलशी संबंध सांगते. खोक्यातील गोळ्यांमध्ये आपसांत किती फरक आहे हे तिच्यातून कळत नाही, आणि दादांचा मूळ प्रश्न मला तिथेच दिसतो.

मिरज_फार्मसी

बॅरलमधले मला फारसे समजत नाही, परंतु गोळीविषयी अधिकाराने लिहू शकते, कारण पेंटबॉल ही मुळात औषधी सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूलचीच मोठी बहीण आहे. सुरुवातीच्या काळात या गोळ्या आर. पी. शेरर या कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीनेच तयार केल्या होत्या. जिलेटिनच्या दोन ओल्या पट्ट्या समोरासमोर फिरणाऱ्या दोन साच्यांमधून जातात, त्याच क्षणी मध्ये द्रव भरला जातो आणि कडा दाबून बंद होतात. गोळीवर दिसणारी शिवण ती हीच. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल बोटांत फिरवून पाहिली तर तिच्यावरही ती सापडेल. शिवणीपाशी कवचाची जाडी थोडी वेगळी असते आणि पुढे वाळताना ते सगळीकडे सारखे आक्रसत नाही. त्यामुळे दोन दिशांना दोन मापे येणे स्वाभाविक आहे.

आता हवेचा प्रश्न. जिलेटिनच्या कवचात पाणी असतेच आणि ते भोवतालच्या आर्द्रतेनुसार कमी-जास्त होत राहते. आतला द्रव बहुतेक पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि तोही पाणी ओढणारा आहे. जुलैत वाई-पाचगणीच्या पट्ट्यात उघडे खोके शेडमध्ये राहिले, तर गोळी फुगते, मऊ पडते आणि पृष्ठभाग किंचित चिकट होतो. मऊ गोळी लक्ष्यावर आपटून न फुटता उसळते, म्हणजे खेळाडूला मार लागतो पण रंग दिसत नाही. जानेवारीत हवा कोरडी असते. तेव्हा कवचातील पाणी उडते, गोळी थोडी आक्रसते आणि ठिसूळ होते. थंडीने हा ठिसूळपणा आणखी वाढतो, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात बाहेर राहिलेले खोके सकाळच्या पहिल्या खेळात हमखास त्रास देते.

साठवणीसाठी २० ते २५ अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता ही सर्वसाधारण शिफारस आहे. पिशवी हवाबंद ठेवावी, खोके अधूनमधून उलटे करावे म्हणजे तळाच्या गोळ्या एका बाजूने चपट्या होत नाहीत, आणि फ्रिजमध्ये काही ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्या भरमसाट टाकण्याचा मोहही टाळावा, कारण गोळी गरजेपेक्षा जास्त वाळली की ठिसूळ होते.

वाईचा_मळेकरी

ताई, आपल्या प्रतिसादाने बराच उलगडा झाला. कुपवाडच्या दादांनी सांगितलेली पट्टी साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका ओळखीच्या कारखान्यात करून घेतली आणि दोन खोकी तपासली. सीलबंद खोके आजच फोडले. त्यातील बहुतेक गोळ्या १७.३० च्या भोकातून पडतात आणि १७.२५ मध्ये अडतात. गेल्या पंधरवड्यात उघडलेल्या, शेडमधील खोक्यातील गोळ्या मात्र १७.४५ शिवाय पडत नाहीत आणि शिवणीला आडव्या टाकल्या तर काही तिथेही अडकतात. दोन्ही खोकी एकाच कंपनीची आणि एकाच खेपेची आहेत. बॅरलचा बोअर प्लग गेजने १७.५५ भरला. आमच्या सर्व मार्करांना हीच बॅरल आहे.

कुपवाड_लेथ

मग गणित करून पाहू. १७.५५ च्या नळीत १७.३० ची गोळी असताना गोळीभोवती मोकळी राहणारी जागा सुमारे ६.८ चौरस मिलिमीटर येते. तीन मिलिमीटर व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ ७ च्या आसपास असते. म्हणजे गोळीमागून हवा ढकलत असताना तीन मिलिमीटरचे एक भोक संपूर्ण प्रवासभर उघडे आहे, असा त्याचा अर्थ झाला. फुगलेल्या १७.४५ च्या गोळीला हीच गळती २.७ चौरस मिलिमीटर पडते. हॉपरमध्ये (मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात) दोन खोक्यांतील गोळ्या एकत्र गेल्या, की एका गोळीमागून दुसरीच्या अडीच पट गळती होणार आणि क्रोनोग्राफचा आकडा नाचणार. त्यासाठी मार्करचा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) बिघडलेला असण्याची गरज नाही.

घरंगळण्याचे कारणही हेच आहे. गोळी जागेवर धरून ठेवणारे डिटेंट झिजले असतील तर ते बदला, ते स्वस्त असतात. पण बोअर पाव मिलिमीटरने मोठा असेल, तर डिटेंटमधून निसटलेल्या गोळीला पुढे अडवणारे काहीच राहत नाही. आणि गोळी चार बोटे जरी पुढे सरकली, तरी हवेचा धक्का तिला उशिरा आणि कमी मिळतो.

विश्रामबाग_मेकॅनिकल

या चर्चेत एक समज दुरुस्त करावासा वाटतो. बोअर जुळला की नेम सुधारतो असे सर्रास सांगितले जाते, आणि विक्रेतेही तेच सांगून संच विकतात. बोअर जुळल्याने प्रामुख्याने सुधारते ते वेगाचे सातत्य आणि हवेची बचत. नेमावर त्याचा परिणाम होतो, पण मर्यादित आणि एकाच दिशेने. २५५ आणि २९० फूट प्रतिसेकंद वेगाच्या दोन गोळ्या सरळ आडव्या मारल्या, तर हवेचा रोध धरून केलेल्या ढोबळ गणिताने ३० मीटर अंतरावर त्यांच्या उंचीत सुमारे फूटभराचा फरक पडतो. वेग एकसारखा झाला की हा उभा फरक जाईल, मात्र डाव्या-उजव्या अंगाला होणारी फाकाफाक तशीच राहील.

तिचे कारण गोळीतच आहे. सुमारे ९० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या १७ मिलिमीटरच्या गोलाचा रेनॉल्ड्स अंक (भोवतालचा हवेचा प्रवाह कसा वागेल हे दाखवणारा आकडा) एक लाखाच्या घरात येतो, आणि या पट्ट्यात पृष्ठभागावरील शिवण, खळगा किंवा रंगाचा थेंब यांसारखी लहानशी खोडही गोळीभोवतीचा प्रवाह एका बाजूला आधी सोडवू शकते. क्रिकेटमध्ये चेंडूची शिवण ज्या कारणाने चेंडू हवेत वळवते, त्याच कारणाने ही गोळीही भरकटते; फरक इतकाच की इथे शिवण कुठल्या बाजूला आहे हे कोणाच्याच हातात नसते. त्यामुळे बॅरलवर हजारो रुपये घालण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या, ताज्या, गोल गोळ्यांवर घातलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहुली_संगम

हे मला पटत नाही. आमच्या गटात एकाच मार्करवर मूळ बॅरल काढून जुळणारी बॅरल लावली आणि नेम उघडपणे सुधारला. डोळ्यांनी दिसलेली गोष्ट गणिताने खोटी कशी ठरेल?

विश्रामबाग_मेकॅनिकल

खोटी ठरत नाही. उभी फाकाफाक कमी झाली म्हणजे लक्ष्यावर बसणाऱ्या गोळ्या वाढणारच, शिवाय नवी बॅरल स्वच्छ असते आणि जुनीत वाळलेला रंग असतो. दोन्ही बॅरल धुऊन, मार्कर व्हाइसमध्ये आवळून, एकाच खोक्यातील गोळ्या मारून पाहा. मार्कर हातात असेपर्यंत कोणाचा फरक मोजला जात आहे, बॅरलचा की मनगटाचा, हे सांगता येत नाही.

वाईचा_मळेकरी

ठीक. मग बोअर किती घ्यावा? नेमका गोळीएवढा, की किंचित लहान? आणि पोर्टिंगचे काय?

कुपवाड_लेथ

बोअर किंचित लहान ठेवण्याची पद्धत हल्ली बरीच रूढ आहे आणि ती मला योग्य वाटते. कवच लवचीक असते, त्यामुळे १७.३० ची गोळी १७.२५ च्या इनसर्टमधून अंग चोरून जाते, मागे गळती जवळपास राहत नाही, आणि गोळ्यांच्या मापात थोडा फरक असला तरी प्रत्येक गोळी नळीला टेकतेच. गोळी घरंगळण्याचा प्रश्नही सुटतो. याची मर्यादा ठिसूळ गोळी. थंडीतल्या कोरड्या खोक्याला असा आवळ सोसत नाही, तेव्हा १७.३२ किंवा १७.३७ चे इनसर्ट लावावे. म्हणजे संपूर्ण संच घेण्याची गरज नाही. दोन मापे पुरतील, आणि साठवण सुधारली तर कदाचित एकच.

एक इशारा. लहान बोअर लावला की गळती थांबते आणि त्याच दाबावर वेग वाढतो. आज २८० च्या आत बसणारा मार्कर ३०० च्या वर जाऊ शकतो. ३ ग्रॅमची गोळी ३०० फुटांच्या वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा १२ ज्यूलच्या पुढे जाते. त्यामुळे इनसर्ट बदलल्यावर क्रोनोग्राफवर वेग पुन्हा खाली आणल्याशिवाय तो मार्कर पाहुण्यांच्या हाती देऊ नका. दाब उतरवावा लागतो, म्हणून एका सिलिंडरमध्ये जास्त गोळ्या निघतात. हवेची बचत होते ती अशी.

पोर्टिंगबद्दल माझे मत विक्रेत्यापेक्षा वेगळे आहे. छिद्रांचे मुख्य काम आवाज कमी करणे हे आहे. गोळीमागची हवा तोंडापाशी एकदम सुटली तर फट् असा आवाज होतो. छिद्रांतून ती हळूहळू सुटली तर तो मवाळ होतो. मात्र गोळी छिद्रांपाशी पोहोचली की तिला ढकलणारा दाब संपत जातो. तीन मिलिमीटरची चौतीस छिद्रे पाडली तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ नळीच्या बोअरएवढे होते. म्हणजे हवेच्या दृष्टीने नळी तिथेच संपली, पुढचा भाग फक्त गोळीसोबत चालतो. त्यामुळे बॅरल १४ इंचाची आहे की १२ इंचाची यापेक्षा पहिल्या छिद्रापर्यंतचा अखंड भाग किती लांब आहे हे विचारा. तो साधारण ८ इंच असला की पुरते. छिद्रे चेंबरच्या फार जवळ सुरू होत असतील, तर तोच वेग मिळवायला दाब वाढवावा लागतो आणि इनसर्टने वाचवलेली हवा छिद्रांतून जाते.

चांगल्या दोन-तुकडी बॅरलमध्ये मागचा भाग मापाचा आणि पुढचा, छिद्रांचा भाग मुद्दाम काही थाऊ मोठा ठेवलेला असतो, जेणेकरून गोळीचे कवच छिद्रांच्या कडांवर घासू नये. स्वस्त एकसंध बॅरलमध्ये छिद्रे पाडल्यावर आतून बर (धातूची धारदार कड) तशीच राहिलेली मी पाहिली आहे. कापसाचा बोळा काठीला लावून आतून फिरवा. धागे अडकले तर ती बॅरल गोळ्या सोलणारच. आणि छिद्रे सर्पिल रेषेत पाडल्याने गोळी रायफलसारखी फिरते, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या. तिथे गोळीला पकडणारे काही नसते, आणि आतला द्रव कवचाबरोबर लगेच फिरतही नाही.

मिरज_फार्मसी

पावसाळ्याचा विचार केला तर छिद्रांतून पाणी आणि चिखल आत जाणार, हेही मोजायला हवे. ओल्या नळीत जिलेटिन लगेच चिकट होते.

पाचगणी_पठार

त्याहून मोठा त्रास साफसफाईचा आहे. गोळी नळीत फुटली की साध्या बॅरलमधून स्वॅब (नळी पुसण्याचा बोळा) एकदा ओढला तरी पुढचा खेळ सुरू करता येतो. छिद्रांच्या बॅरलमध्ये रंग भोकांत साचतो आणि पुढच्या प्रत्येक गोळीला थोडा थोडा लागत राहतो. गट बदलण्याच्या दहा मिनिटांत सगळ्या मार्करांची भोके कोण धुणार? भाड्याच्या मैदानासाठी साधी, बिनछिद्रांची बॅरलच बरी. आवाजाचे म्हणाल तर हौशी पाहुण्यांना तो हवाच असतो.

थोडे विषयांतर करतो. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये, हेनिकर येथे १२ जणांनी पहिला खेळ खेळला, तेव्हा त्यांच्या हाती नेलस्पॉट ००७ हे झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्याचे पिस्तूल होते. झाडाला खूण करताना गोळी चार बोटे इकडेतिकडे लागली तरी कोणाचे बिघडत नव्हते. त्या हत्याराकडून निघालेल्या गोळीकडून आपण आज किती अचूकपणा मागतो, याची मला मौज वाटते.

वाईचा_मळेकरी

सर्वांचे आभार. गोळ्या शेडमधून हलवून घरातील कोरड्या खोलीत, झाकणाच्या डब्यांत ठेवण्याची व्यवस्था आजच केली. छिद्रांची बॅरल घेत नाही. आता एकच प्रश्न उरतो: आमच्याच बॅरलमध्ये पितळेची बारीक नळी बसवून बोअर १७.३० पर्यंत आणता येईल का? म्हणजे नव्या बॅरलचा खर्चही वाचेल.

कुपवाड_लेथ

बसवता येईल, पण विचार करून. मूळ बॅरल अॅल्युमिनियमची आणि अॅनोडाइज केलेली आहे. स्लीव्हला (आत बसवायच्या नळीला) जागा करण्यासाठी आधी तिचा बोअर वाढवावा लागेल आणि तो वाढवला की परतीचा मार्ग नाही. स्लीव्हची भिंत किमान पाऊण मिलिमीटर धरली, तर बोअर १८.८ पर्यंत न्यावा लागतो. मागच्या थ्रेडपाशी (आट्यांपाशी) तेवढे धातू उरते का ते आधी पाहावे लागेल. स्लीव्ह पाच-सहा इंच पुरेशी आहे, पूर्ण लांबीची नको. पुढचा भाग मोकळा राहिला तर चालतो. बसवल्यानंतर आतून होनिंग (बारीक घासकाम) करून शेवटचे माप आणावे, कारण दाबून बसवताना ती थोडी आक्रसते. आणि मागच्या तोंडाला गुळगुळीत, लांब उतार द्यावा, नाहीतर गोळी आत शिरतानाच कडेवर कापली जाईल.

सगळ्या बॅरल एकदम कापू नका. एकच करून पाहू, एका हंगामाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे आता ओल्या हवेत आणि मग जानेवारीत, क्रोनोग्राफवर तपासू आणि मग बाकीच्यांचे ठरवू. तोपर्यंत एका मार्करसाठी तयार इनसर्टची बॅरल मागवलीत तर तुलनाही होईल. मागवताना थ्रेड विचारून घ्या, कारण प्रत्येक जातीच्या मार्करचा थ्रेड वेगळा असतो आणि बोअर कितीही जुळला तरी न बसणारी बॅरल निरुपयोगी आहे. सांगलीकडे येणे झाले तर एक बॅरल आणि सीलबंद खोक्यातील मूठभर गोळ्या हवाबंद डबीत सोबत आणा. गोळ्या पिशवीत सुट्या आणू नका. वाटेत उंब्रजच्या पुढे पाऊस लागला तर इथे पोहोचेपर्यंत त्यांचे माप बदललेले असेल.